रुतलेली गाडी बाहेर काढण्यासाठी पट्टा, शॅकल आणि इतर साधने कशी निवडावीत

गाडी चिखलात किंवा वाळूत रुतली की मदतीला आलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "दोर आहे का?" मग डिकीतून काहीतरी निघते. कधी जुना दोरखंड, कधी साखळी, तर कधी दोन्ही टोकांना लोखंडी हुक असलेला पट्टा. जे हाती लागेल ते दोन गाड्यांना अडकवले जाते आणि पुढची गाडी हिसका देते. बहुतेक वेळा गाडी निघतेही, आणि म्हणूनच ही सवय टिकून आहे. ज्या वेळी काहीतरी तुटते, त्या वेळी मात्र तुटलेला भाग ताणाच्या रेषेतच सुटतो, आणि त्या रेषेच्या दोन्ही टोकांना माणसे बसलेल्या गाड्या असतात.

म्हणून "दोर आहे का" याच्या आधी "दोर कशासाठी हवा आहे" हे विचारणे आवश्यक आहे. साधनांची सगळी निवड या एका प्रश्नावर उभी असते. पुढील विवेचन मोटारी, जीप आणि पिकअप यांच्यापुरते आहे. अवजड वाहनांचे हिशेब वेगळे असतात आणि ते काम त्यातल्या जाणकारांवर सोडलेले बरे.

ओढून नेणे आणि बाहेर काढणे ही दोन वेगळी कामे आहेत

बंद पडलेली पण चाके मोकळी असलेली गाडी रस्त्यावरून ओढून नेणे, म्हणजे टोचन करणे, हे एक काम आहे. सपाट पक्क्या रस्त्यावर गाडी ढकलायला तिच्या वजनाच्या काही टक्केच जोर लागतो. अशा कामासाठी दोर फारसा न ताणणारा हवा, कारण ताणणारा दोर वापरला तर मागची गाडी रबराला बांधल्यासारखी पुढेमागे हेलकावे खाते आणि दोन्ही चालक हैराण होतात. टोचनाचे पट्टे त्यामुळे सहसा पॉलिएस्टरचे असतात.

रुतलेली गाडी बाहेर काढणे हे पूर्णपणे वेगळे काम आहे. येथे चिखलाने किंवा वाळूने चाके धरून ठेवलेली असतात आणि ती पकड सोडवायला थोड्या वेळापुरता पण मोठा जोर लागतो. ओढणारी गाडीही बहुतेक वेळा तशाच निसरड्या जमिनीवर उभी असते, त्यामुळे केवळ आपल्या चाकांच्या पकडीवर ती एवढा जोर लावू शकत नाही. यासाठी नायलॉनचा ताणणारा पट्टा वापरतात, त्याला स्नॅच स्ट्रॅप म्हणतात. तो भाराखाली साधारण वीस टक्के ताणतो, म्हणजे नऊ मीटरच्या पट्ट्याची लांबी पावणेदोन मीटरच्या आसपास वाढते. ओढणारी गाडी थोडी गती घेते, तिची ऊर्जा पट्ट्यात साठते आणि पट्टा आखडताना तीच ऊर्जा रुतलेल्या गाडीला बाहेर खेचते. नायलॉनच्या दुहेरी विणीचा जाड गोल दोर, म्हणजे कायनेटिक रोप, याच तत्त्वावर चालतो. तो तीस टक्क्यांपर्यंत ताणतो, त्यामुळे हिसका अधिक मऊ बसतो.

यावरून निवडीचा पहिला नियम निघतो. न ताणणाऱ्या वस्तूने कधीही हिसका देऊ नये. पॉलिएस्टरचा पट्टा, साखळी, तारेचा दोर, सामान बांधायचा रॅचेट पट्टा, क्रेनने सामान उचलायचा स्लिंग, यांपैकी कशातही हिसका शोषून घेण्याची क्षमता नसते, त्यामुळे सगळा धक्का क्षणार्धात गाडीच्या चॅसिसवर आणि जोडाच्या लोखंडावर जातो. उलट बाजूने, ताणणारा पट्टा विंचच्या, म्हणजे ड्रमवर दोर गुंडाळत गाडी ओढणाऱ्या यंत्राच्या, दोराला जोडून लांबी वाढवू नये, कारण मग विंचच्या ताणाखाली तो मोठ्या स्प्रिंगसारखा ऊर्जा भरून बसतो आणि काही सुटले तर ती सगळी एकदम बाहेर पडते.

ज्याला एकच वस्तू घेणे शक्य आहे, त्याने आपण बहुतेक कुठे फिरतो हे पाहावे. केवळ पक्क्या रस्त्यांवर फिरणाऱ्याला पॉलिएस्टरचा टोचन पट्टा पुरेसा आहे. कच्च्या वाटा, नदीकाठ, वाळू, शेतरस्ते हे नेहमीचे असेल तर स्नॅच स्ट्रॅप आधी घ्यावा, कारण त्याने गरज पडल्यास थोड्या अंतरापर्यंत सावकाश टोचनही करता येते. पॉलिएस्टरच्या पट्ट्याकडून मात्र स्नॅच स्ट्रॅपचे काम कधीच घेता येत नाही.

पहिली पायरी: आधी गाडीखाली वाकून पाहावे

पट्टा विकत घेण्यापूर्वी तो गाडीला कुठे अडकवणार, हे ठरलेले असले पाहिजे. बहुतेकांकडून हीच पायरी राहून जाते, आणि चांगल्या पट्ट्यावर खर्च केलेला माणूस ऐन वेळी तो अडकवायला काहीतरी गोल आणि लोखंडी शोधत गाडीखाली झोपतो.

गाडीच्या पुढच्या-मागच्या भागाखाली वाकून पाहिले की बऱ्याच गाड्यांना पत्र्याच्या किंवा पातळ सळईच्या कड्या दिसतात. यांतल्या अनेक कड्या गाडी ट्रेलरवर किंवा जहाजात बांधून ठेवण्यासाठी असतात. त्या स्थिर गाडीला जागेवर धरण्यापुरत्या बनवलेल्या असतात आणि हिसक्याने वाकतात किंवा उपटून येतात. बंपरमधले झाकण काढून आट्यांवर फिरवून बसवायचा टो हुक जॅकच्या सामानासोबत मिळतो. तो सपाट रस्त्यावर सरळ रेषेत सावकाश ओढण्यासाठी असतो. बाजूने ताण आला की त्याची दांडी वाकते, म्हणून रुतलेली गाडी हिसक्याने काढायला तो वापरू नये.

सर्वांत धोक्याची जागा म्हणजे ट्रेलर जोडायचा टो बॉल. तो भक्कम दिसतो, हाताशी असतो आणि पट्ट्याचे लूप, म्हणजे टोकाला शिवलेला फास, त्यावर अलगद बसते, त्यामुळे मोह होतो. पण तो ट्रेलरच्या भारासाठी बनवलेला असतो, हिसक्यासाठी नाही. ताणलेल्या पट्ट्यासह तुटून उडालेल्या टो बॉलने माणसे दगावल्याच्या घटना जगात अनेक ठिकाणी नोंदल्या गेल्या आहेत. टो बॉल, बंपर, सस्पेन्शनचे आर्म, ॲक्सल आणि स्टिअरिंगचे रॉड या जागा मनातून कायमच्या काढून टाकाव्यात.

योग्य जागा म्हणजे चॅसिसला एकाहून अधिक उच्च दर्जाच्या बोल्टांनी बसवलेला आणि ज्यावर भारक्षमता कोरलेली आहे असा रिकव्हरी पॉइंट. काही ऑफ-रोड गाड्यांना तो कारखान्यातूनच असतो. नसेल तर त्या मॉडेलसाठी बनवलेला बसवून घ्यावा आणि हा खर्च पट्ट्याच्या आधी करावा. मागे ट्रेलर जोडण्याचा चौकोनी रिसिव्हर असेल तर त्यात बसणारा शॅकल ब्लॉक, म्हणजे शॅकल (पट्टा गाडीला जोडणारी, पिनेने बंद होणारी कडी) लावायचा धातूचा ठोकळा, हा उत्तम पर्याय आहे, कारण तो रिसिव्हर सहसा चॅसिसच्या दोन्ही लांब तुळयांना जोडलेला असतो.

पुढे डावी-उजवीकडे दोन पॉइंट असतील तर त्यांना जोडणारा न ताणणारा ब्रायडल पट्टा घेता येतो. त्याने भार दोन्हीकडे विभागतो, पण तो आखूड नसावा. दोन फाट्यांमधला कोन साठ अंशांचा असेल तर प्रत्येक फाट्यावर एकूण ताणाच्या सुमारे ५८ टक्के भार येतो, आणि तोच कोन १२० अंशांचा झाला की प्रत्येक फाट्यावर पूर्ण १०० टक्के. म्हणजे आखूड ब्रायडलने भार विभागण्याचा हेतूच संपतो, शिवाय दोन्ही पॉइंट आतल्या बाजूला ओढले जातात ते वेगळेच.

दुसरी पायरी: वजनाचा हिशेब

पट्ट्यावर टनांमध्ये जो आकडा असतो तो सहसा तुटण्याची किमान ताकद असते. तेवढ्या भाराला नवा, कोरडा पट्टा तुटू शकतो असा त्याचा अर्थ आहे, तेवढा भार रोज द्यावा असा नाही. शॅकलवरचा आकडा मात्र कामाचा भार असतो, म्हणजे सुरक्षिततेसाठी मोठे अंतर राखून ठरवलेला. हे दोन आकडे शेजारी ठेवून "पट्टा आठ टनांचा आणि शॅकल पावणेपाच टनांचे, मग शॅकलच कमजोर" असा निष्कर्ष काढणे चूक आहे. चांगल्या शॅकलचे सुरक्षा गुणोत्तर बहुधा सहास एक असते, म्हणजे ४.७५ टनांचे शॅकल प्रत्यक्षात २८ टनांच्या आसपास तुटावे असे बनवलेले असते.

स्नॅच स्ट्रॅपसाठी रूढ नियम असा आहे की, दोन गाड्यांपैकी हलक्या गाडीच्या पूर्ण भारित वजनाच्या दुप्पट ते तिप्पट इतकी पट्ट्याची तुटण्याची ताकद असावी. पूर्ण भारित वजन म्हणजे माणसे, सामान आणि इंधन यांसह कारखान्याने मान्य केलेले कमाल वजन. ते गाडीवरील पट्टीवर किंवा मालकाच्या पुस्तिकेत मिळते. समजा ते २,४०० किलो आहे, तर ४.८ ते ७.२ टनांच्या दरम्यानचा पट्टा योग्य ठरतो.

नियमात वरची मर्यादा का आहे, हे समजून घेण्यासारखे आहे. "जितका जास्त टनांचा तितका सुरक्षित" असे वाटणे स्वाभाविक आहे आणि विक्रेतेही तसेच सांगतात. पण पट्ट्याचे काम ताणण्याचे आहे. हलक्या गाडीला पंधरा टनांचा जाडजूड पट्टा लावला तर तिच्या जोराने तो जेमतेम ताणतो, म्हणजे नायलॉनच्या किमतीत आपण साखळीच विकत घेतलेली असते. दुसरे असे की, साधनांच्या या जोडणीत कुठेतरी कच्ची कडी असणारच असेल तर ती कापडाची असलेली बरी. पट्टा तुटला तर कापड उडते, तोही प्रकार गंभीर इजा करतो, पण रिकव्हरी पॉइंट तुटला तर ताणलेल्या पट्ट्याच्या टोकाला लोखंड बांधलेले असते.

प्रत्यक्ष किती जोर लागेल याचा अंदाज रुतण्याच्या खोलीवरून बांधता येतो. लष्करी वाहने बाहेर काढण्याच्या शिस्तीत एक ढोबळ मोजमाप वापरतात. गाडी चाकांच्या मध्यापर्यंत रुतली असेल तर विरोध तिच्या वजनाइतका धरतात, मडगार्डपर्यंत रुतली असेल तर दुप्पट, आणि त्याहूनही वर गेली असेल तर तिप्पट. चढावर ओढायचे असेल तर त्यात चढाची भर पडते. पंधरा अंशांचा चढ वजनाच्या चौथ्या हिश्शाहून थोडा अधिक जोर मागतो, तीस अंशांचा नेमका निम्मा. आता वरच्या उदाहरणातली गाडी मडगार्डपर्यंत रुतली आहे असे समजले, तर विरोध ४.८ टनांवर जातो आणि आपला पट्टा तिथे त्याच्या ताकदीच्या काठावर उभा असतो. अशा वेळी आणखी जाड पट्टा शोधण्याऐवजी फावडे हातात घ्यावे. चिखल उपसून गाडी मडगार्डाच्या खोलीवरून चाकाच्या खोलीवर आणली की लागणारा जोर निम्मा होतो, आणि हे काम कोणताही पट्टा करत नाही.

तिसरी पायरी: पट्टा हातात घेऊन तपासणे

नायलॉन आणि पॉलिएस्टर यांतला फरक नुसत्या स्पर्शाने किंवा रंगावरून ओळखता येत नाही, त्यामुळे लेबल वाचण्याला पर्याय नाही. लेबल लूपजवळ शिवलेले असावे, चिकटवलेले नसावे. त्यावर धागा कोणता, लांबी, रुंदी आणि तुटण्याची किमान ताकद हे सर्व छापलेले असावे. ताकदीच्या आकड्यापुढे ती तुटण्याची आहे की कामाची, हे लिहिलेले नसेल तर तो आकडा निरर्थक आहे. "हेवी ड्यूटी" किंवा "सुपर स्ट्राँग" एवढेच लिहिलेला पट्टा परत ठेवून द्यावा.

त्यानंतर लूप उघडून पाहावे. चांगल्या पट्ट्याच्या लूपच्या आतल्या बाजूला, जिथे शॅकल घासते तिथे, जाड कापडाचे वेगळे अस्तर असते. लूप जिथे बंद होते तिथली शिवण पाच-सहा टाक्यांत संपलेली नसावी. ती नागमोडी रांगांनी चांगली लांबवर गेलेली असावी आणि प्रत्येक रांग शेवटाला परत फिरून पक्की झालेली असावी. शिवणीचा धागा पट्ट्याहून वेगळ्या रंगाचा असेल तर ते उपयोगाचे आहे, कारण पुढे टाके झिजले की लगेच दिसतात. पट्टा दोन बोटांत धरून उलटा वाकवला की विणीतले कापलेले धागे वर उभे राहतात. नव्या पट्ट्यात असा एकही धागा नसावा.

लांबीच्या बाबतीत नऊ मीटर हे स्नॅच स्ट्रॅपचे रूढ माप आहे आणि बहुतेकांना ते पुरते. टोचनाचा पट्टा याच्या निम्मा असला तरी चालतो. दोन पट्टे जोडण्याची वेळ आली तर मध्ये शॅकल कधीही घालू नये, कारण पट्टा तुटला तर तेच शॅकल दगडासारखे भिरकावले जाते. एकाच्या लूपमधून दुसऱ्याचे लूप ओवून जोड करावा आणि गाठ आवळून बसू नये म्हणून त्या जोडात गुंडाळलेले मासिक किंवा जाड वर्तमानपत्र घालावे.

टोकाला लोखंडी हुक असलेल्या पट्ट्यांबद्दल माझे मत कडक आहे. काही वर्षांपूर्वी अशाच पट्ट्याने मी एका मित्राची रुतलेली गाडी ओढत होतो. हिसका बसताच त्याच्या बाजूचा हुक कडीतून निसटला आणि माझ्या गाडीच्या मागच्या दारात, नंबरप्लेटच्या वीतभर वर, घुसला. पत्र्याला अंगठा जाईल एवढे भोक पडले होते. मागची काच तिथून फूटभर वर होती आणि मागच्या सीटवर माणूस बसलेला होता. हुक ढील मिळताच निसटतो आणि ताण येताच उडतो, त्यामुळे हिसक्याच्या कामात त्याला जागा नाही.

चौथी पायरी: शॅकल

लोखंडी शॅकल घ्यायचे तर गोलाकार पोटाचे बो शॅकल घ्यावे, कारण त्यात पट्ट्याचे रुंद लूप दाटीवाटीने न बसता पसरते. अंगावरच माप आणि कामाचा भार उठावाने घडवलेला असावा. सामान्य मोटारी आणि जीपसाठी १६ मिलिमीटरचे ३.२५ टनी किंवा १९ मिलिमीटरचे ४.७५ टनी शॅकल वापरतात. ज्यावर काहीही कोरलेले नाही असे चकचकीत शॅकल दागिन्यासारखे दिसते आणि तेवढ्याच कामाचे असते. पिन हाताने पूर्ण आवळून मग किंचित, पाव वळणापर्यंत, सैल करण्याची पद्धत आहे, म्हणजे ताणानंतर ती अडकून बसत नाही. एका शॅकलची पिन दुसऱ्याला लावू नये.

मऊ शॅकल, म्हणजे अतिशय बळकट पॉलिएथिलीन धाग्याचा गाठ आणि फास असलेला दोर, हा अलीकडच्या काळात झालेला मोठा बदल आहे आणि मी स्वतः शक्य तिथे तेच वापरतो. ते वजनाला नगण्य असते, पाण्यावर तरंगते, चिखलात हरवत नाही आणि सुटून उडाले तरी लोखंडाच्या तुलनेत फार कमी इजा करते. त्याच्या दोन कमजोऱ्या मात्र लक्षात ठेवाव्यात. हा धागा सुमारे १५० अंश सेल्सिअसच्या आतच वितळतो, म्हणून तो सायलेन्सरच्या नळीजवळ नको. आणि धारदार कडेवर तो कापला जातो, त्यामुळे पत्रा कापून बनवलेल्या चौकोनी कडांच्या रिकव्हरी पॉइंटवर लोखंडी शॅकलच वापरावे, गोल घडीव कडेवर मऊ.

बाकीचे सामान

यादी मोठी करण्याचा मोह टाळावा. मजबूत दांड्याचे फावडे, चामड्याचे हातमोजे, टायरचा दाब मोजायचा गेज, हवा भरायचा पंप आणि ट्रॅक्शन बोर्डांची, म्हणजे चाकाला पकड देणाऱ्या दातेरी फळ्यांची, जोडी एवढ्यावर बहुसंख्य प्रसंग निभावतात, आणि पट्टा या सगळ्यांनंतर, शेवटी लागतो.

टायरमधली हवा कमी करणे हा वाळूतला सर्वांत परिणामकारक आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे. रस्त्यावर ३२ ते ३५ पीएसआय असलेला दाब वाळूत १५ ते १८ पर्यंत उतरवला की टायरचा जमिनीला टेकलेला पट्टा लांब होतो, वजन पसरते आणि कित्येकदा गाडी आपणहून निघते. मात्र कमी हवेवर वेग अगदी हळू ठेवावा, वळण झटक्यात घेऊ नये आणि पक्क्या रस्त्याला लागण्यापूर्वी हवा पुन्हा भरावी. पंप नसताना हवा सोडणे म्हणजे एक अडचण देऊन दुसरी घेणे.

ट्रॅक्शन बोर्ड चाकासमोर खणून, त्याखाली घट्ट सारून ठेवावे लागतात. नुसते समोर टाकून ॲक्सिलरेटर दाबला तर फिरणारे चाक बोर्डाचे प्लास्टिकचे दात वितळवून टाकते आणि मागे उभ्या माणसाच्या पायाकडे बोर्ड फेकते.

विंचबद्दल थोडक्यात. तिची क्षमता गाडीच्या पूर्ण भारित वजनाच्या किमान दीडपट असावी. तिच्यावर लिहिलेला आकडा ड्रमवर दोराचा एकच थर उरला असतानाचा असतो, आणि दोर जितक्या थरांत गुंडाळलेला असेल तितका जोर कमी मिळतो. एक कप्पी लावून दोर परत आणला तर जोर जवळपास दुप्पट होतो आणि वेग निम्मा. झाडाला बांधायचे तर रुंद, न ताणणारा ट्री ट्रंक पट्टा बुंध्याला शक्य तितका खाली गुंडाळावा. तारेचा दोर थेट झाडाला आवळला तर साल कापली जाऊन झाड मरते आणि दोरही वाकून खराब होतो.

ताणलेल्या पट्ट्यावर किंवा दोरावर मध्यभागी टाकायचे वजनदार कापड, म्हणजे डॅम्पर, स्वतंत्रपणे विकत मिळते. ते नसेल तर ओले पोते किंवा जाड जाकीट चालते. तुटलेला पट्टा त्याने जमिनीकडे ओढला जातो, पण धोका संपत नाही, म्हणून त्याच्या भरवशावर कोणी जवळ उभे राहू नये.

पाचवी पायरी: प्रत्यक्ष बाहेर काढताना

गाडी रुतली आहे हे लक्षात येताच ॲक्सिलरेटरवरून पाय काढावा. चाक जितके फिरते तितके ते खाली जाते. उतरून सगळीकडून पाहावे. पोट टेकले आहे का, कोणते चाक किती खोल आहे, सायलेन्सरचे तोंड चिखलाने बंद झाले आहे का. ते बंद असताना इंजिन चालू ठेवले तर कार्बन मोनॉक्साइड आत शिरण्याचा धोका असतो, म्हणून आधी ते मोकळे करावे.

मग खणावे. चाकांच्या ज्या बाजूला गाडी जायची आहे तिकडे उतार करावा आणि पोटाखालची माती काढावी. ओढण्याची दिशा शक्यतो मागची असावी, कारण ज्या चाकोरीतून गाडी आत आली ती चाकोरी आधीच दाबलेली असते आणि तिच्या टोकाला टणक जमीन असते हे आपल्याला ठाऊक असते.

पट्टा जोडताना दोन्ही गाड्या शक्य तितक्या एका रेषेत ठेवाव्यात. पट्टा कुठे पिळलेला नाही आणि कोणत्याही कडेला घासत नाही, हे त्याच्या लांबीभर चालत पाहावे. जमिनीवर मीटर-दोन मीटर ढील नागमोडी पसरून ठेवावी. चालक सोडून सर्वांनी पट्ट्याच्या लांबीच्या किमान दीडपट अंतरावर, आणि ताणाच्या रेषेत नव्हे तर बाजूला, उभे राहावे. नऊ मीटरच्या पट्ट्यासाठी हे अंतर साडेतेरा मीटर होते, म्हणजे चांगली सतरा-अठरा पावले. इशारे देणारा एकच माणूस असावा आणि "थांब" चा इशारा आधी ठरवून घ्यावा. गोंगाटात "चल" आणि "थांब" ऐकू येत नाही, त्यामुळे हाताची खूण ठेवावी.

ओढणाऱ्या गाडीने पहिल्या किंवा दुसऱ्या गिअरमध्ये, चालण्याच्या वेगाहून थोड्या अधिक वेगाने, एकसारखे पुढे जावे. पट्टा ताणू लागला की रुतलेल्या गाडीच्या चालकानेही गिअर टाकून चाके हलकेच फिरवावीत. पहिल्या खेपेला गाडी हलली नाही तर माणसे वेग वाढवतात, आणि अपघात बहुधा याच क्षणी होतात. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. ताशी दहा किलोमीटरला गाडीत जेवढी ऊर्जा असते ती तीच गाडी सुमारे चाळीस सेंटीमीटर उचलण्याइतकी असते. ताशी वीसला ती दीड मीटरहून अधिक उचलण्याइतकी होते. एवढी ऊर्जा पट्टा, शॅकल आणि चार बोल्ट यांनी पेलायची असते. म्हणून पहिली खेप फसली की उतरून पुन्हा खणावे, हवा आणखी थोडी सोडावी, बोर्ड सारावेत आणि मगच दुसरी खेप करावी. लागोपाठच्या हिसक्यांनी नायलॉन तापते आणि पूर्ण आखडत नाही, त्यामुळे दोन-तीन खेपांनंतर पट्ट्याला विश्रांती द्यावी.

गाडी निघाल्यावर तिथून टोचन करून न्यायची असेल तर स्नॅच स्ट्रॅप काढून टोचन पट्टा लावावा. मागच्या गाडीचे इंजिन बंद असेल तर पॉवर स्टिअरिंग जड होते आणि एक-दोन वेळा दाबल्यावर ब्रेकचे पेडल दगडासारखे कडक लागते, हे मागे बसणाऱ्याला आधी सांगून ठेवावे. स्टिअरिंगचे कुलूप पडू नये म्हणून इग्निशन चालू ठेवावे. ऑटोमॅटिक गिअरची, चारही चाकांना जोर असलेली किंवा विजेवर चालणारी गाडी चाके जमिनीवर ठेवून ओढता येते की नाही, हे तिच्या पुस्तिकेत पाहूनच ठरवावे. बऱ्याच विजेच्या गाड्या केवळ उचलून न्याव्या लागतात.

जपणूक आणि पट्टा निवृत्त करणे

घरी आल्यावर पट्टा साध्या पाण्याने, फार तर सौम्य साबणाने धुवावा. विणीत अडकलेली वाळू प्रत्येक ताणाला आतून धागे कापत असते आणि ती वरून दिसत नाही. धुतलेला पट्टा सावलीत वाळवावा, कारण उन्हातील अतिनील किरणांनी नायलॉन कमजोर होते. तो पूर्ण वाळल्याशिवाय पिशवीत भरू नये. ओले नायलॉन आपली दहा टक्क्यांहून अधिक ताकद गमावते, ती वाळल्यावर परत येते, पण कोंदट पिशवीत धरलेल्या बुरशीचे तसे नसते. बॅटरीच्या ॲसिडपासून आणि डिझेलच्या डब्यापासून तो लांब ठेवावा.

प्रत्येक वापरानंतर तो पूर्ण लांबीचा पसरून हात फिरवत पाहावा. कडेला कापलेले धागे, लूपचे फाटलेले अस्तर, उसवलेले टाके, वितळून चकचकीत झालेला डाग, किंवा नव्यापेक्षा स्पष्टपणे वाढलेली लांबी यांपैकी एकही गोष्ट दिसली तर पट्टा निवृत्त करावा. फाटलेल्या जागी गाठ मारून तो चालवू नये, कारण गाठीमुळे ताकद मोठ्या प्रमाणात घटते आणि तुटताना तो गाठीशीच तुटतो. टाकून देताना मात्र आधी दोन्ही लूप सुरीने कापावेत. अखंड दिसणारा पट्टा कचऱ्यात टाकला तर कोणीतरी तो उचलून आपल्या डिकीत ठेवतो.